प्रोफेसर सी. एस. लुइस : उशाशीं बसणाऱ्याचें दुःख

प्रोफेसर लुइस ह्यांस आमचे वाचक ख्रिस्ती धर्माचें समर्थन करणारे ग्रंथकार म्हणून ओळखतात, आणि नार्निया देशाच्या गोष्टींमुळें मुलेंही त्यांस ओळखतात. त्यांच्या विद्वत्तेविषयीं आज आम्ही लिहीत नाहीं. कर्करोगानें त्यांच्या घरीं तीनदां प्रवेश केला, आणि त्यांपैकीं दोन वेळां अंथरुणास खिळलेल्या रोग्याबरोबर उशाशीं बसणारें माणूसही खचलें. ह्या दुसऱ्या माणसाची विचारपूस मंडळींत क्वचितच होते, म्हणून हा वृत्तांत देत आहों.

लुइस ह्यांचा जन्म १८९८ सालीं आयर्लंडांतील बेल्फास्ट शहरीं झाला. त्यांची आई फ्लोरा ही गणित व तर्कशास्त्र ह्यांत पदवी मिळविलेली विदुषी होती. वडील आल्बर्ट हे वकील होते. १९०८ च्या आरंभीं आईस कर्करोग असल्याचें कळून आलें व त्या काळच्या रीतीप्रमाणें शस्त्रक्रिया घरींच करण्यांत आली. ऑगस्टच्या २३ व्या तारखेस ती वारली. तो दिवस आल्बर्ट ह्यांच्या वाढदिवसाचा होता. त्याच वर्षीं एप्रिलांत त्यांचे वडील गेले होते, आणि पत्नीच्या मागून थोडक्याच दिवसांनीं भाऊही गेला. अशा मनुष्याच्या मनाची काय स्थिति झाली असेल! मुलांच्या नजरेस मात्र त्यांचें दुःख पडलें नाहीं. पडला तो राग. आल्बर्ट मुळचेच उतावळ्या स्वभावाचे. काळजीनें ते चिडूं लागले, वाटेल तें बोलूं लागले, मुलांवर अन्यायही करूं लागले. आई जाऊन महिना होतो न होतो तोंच नऊ वर्षांचा धाकटा मुलगा इंग्लंडांतील शाळेच्या वसतिगृहांत रवाना झाला. बाप व मुलगे ह्यांमध्यें तेव्हां जें अंतर पडलें तें पुढें कधीं नीट भरून आलें नाहीं. १९५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तांत लुइस ह्यांनीं हें सर्व निर्भीडपणें लिहिलें आहे.

आल्बर्ट हे दुष्ट नव्हते. हल्लींचे वैद्य सांगतात कीं, खिन्नता नेहमीं आसवांच्याच रूपानें प्रकट होते असें नाहीं; चिडखोरपणा, निद्रानाश, कशांतच गोडी न वाटणें हींही तिचीं लक्षणें होत. कर्करोग्याची शुश्रूषा करणाऱ्या आप्तांत ती पुष्कळदां आढळते, आणि तीही रोगी हयात असतांनाच. तिच्यावर उपचार आहेत. १९०८ सालीं आल्बर्ट ह्यांस हें सांगणारा कोण होता?

पुढें लुइस ऑक्सफर्ड व नंतर केंब्रिज येथें अध्यापक झाले. १९५६ च्या एप्रिलांत त्यांनीं जॉय डेव्हिडमन नामक अमेरिकन कवयित्रीशीं सरकारी नोंदणीनें विवाह केला. तो मुख्यतः बाईंस इंग्लंडांत राहतां यावें म्हणून. त्याच ऑक्टोबरांत बाईंच्या मांडीचें हाड मोडलें, आणि कर्करोग हाडांत पसरल्याचें निष्पन्न झालें. २१ मार्च १९५७ रोजीं इस्पितळांत खाटेपाशीं पीटर बाइड नांवाच्या पाळकांनीं हात ठेवून प्रार्थना केली व दोघांचा ख्रिस्ती विवाह लाविला. बाईंस घरीं आणिलें तें मरणासाठींच. परंतु हाडें सांधूं लागलीं, आणि वर्ष संपण्यापूर्वीं त्या काठी टेकीत चालूं लागल्या. ह्याच सुमारास लुइस ह्यांचीं स्वतःचीं हाडें ठिसूळ झालीं; पाठीच्या वेदनेमुळें त्यांस पट्टा बांधावा लागे. १९५९ च्या ऑक्टोबरांत रोग पुन्हां दिसला. १९६० च्या एप्रिलांत दोघांनीं ग्रीस देशाचा प्रवास केला, व १३ जुलै रोजीं बाई वारल्या. पावणेचार वर्षें आशा व भय ह्यांमध्यें हेलकावे खाणें मनास कसें झिजवितें, तें ज्यांनीं घरीं असें दुखणें काढिलें आहे त्यांस सांगावयास नको.

त्यानंतर लुइस ह्यांनीं घरांत सांपडलेल्या कोऱ्या वह्यांत आपल्या मनाची स्थिति लिहून काढिली. ज्या लेखणीनें १९४० सालीं दुःखाच्या प्रश्नावर युक्तिवादपूर्ण ग्रंथ लिहिला, तिनेंच आतां अंगांत भरलेला आळस, साधी दाढी करण्याचाही कंटाळा, आणि देवाकडे धांव घेतली असतां दार बंद असल्याची जाणीव, हें सर्व लिहिलें. कित्येक भाविक ह्यास विश्वासाची उणीव म्हणतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. स्तोत्रकर्तेही देवापाशीं असेच भांडले आहेत. १९६१ सालीं हें पुस्तक एन. डब्ल्यू. क्लार्क ह्या टोपणनांवानें छापलें गेलें; लुइस ह्यांचें खरें नांव त्यावर १९६३ च्या नोव्हेंबरांत ते वारल्यानंतरच आलें.

बाईंस पहिल्या पतीपासून दोन मुलगे होते. त्यांचा सांभाळ आतां लुइस ह्यांजकडे आला. त्या वह्यांत एके ठिकाणीं असें आहे कीं, मुलांपाशीं त्यांच्या आईचा विषय काढिला म्हणजे तीं संकोचून गप्प होत. तेव्हां लुइस ह्यांस स्मरण झालें कीं, बेल्फास्टच्या घरीं वडील आईविषयीं बोलूं लागले म्हणजे आपणही असेच अवघडून जात होतों. त्यांनीं मुलांस दोष दिला नाहीं. आल्बर्ट १९२९ सालींच वारले होते. त्यांच्या शेवटच्या दुखण्यांत हाच धाकटा मुलगा कांहीं आठवडे त्यांच्या उशाशीं बसला होता.