गोविंदराव टेंबे

गोविंद सदाशिव टेंबे (५ जून १८८१ – ९ ऑक्टोबर १९५५) हे मराठी संवादिनीवादक, नाट्यसंगीतकार, गायक-नट, चित्रपट-संगीतकार आणि लेखक होते. 'मानापमान' या संगीत नाटकाच्या चाली आणि 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटाचे संगीत यांसाठी ते विशेष ओळखले जातात. ऑर्गनच्या कुळातील, मूळच्या युरोपीय अशा संवादिनीला मराठी गायनाच्या जवळ आणणाऱ्या वादकांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे.

पूर्वायुष्य व संगीतशिक्षण

टेंबे यांचे बालपण कोल्हापुरात गेले. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयामुळे त्या काळी कोल्हापूर हे गायनाचे मोठे केंद्र बनले होते. गायन समाज देवल क्लब या संस्थेत होणाऱ्या बैठकांतून त्यांना नामवंत गवयांचे गाणे ऐकावयास मिळाले. संवादिनीचे शिक्षण त्यांनी कोणा एका गुरूकडे रीतसर घेतले नाही. ऐकलेले गाणे बोटांतून काढण्याच्या ध्यासातून त्यांचे वादन घडत गेले. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्या गायकीचा त्यांच्यावर खोल संस्कार झाला व भास्करबुवांना त्यांनी संवादिनीची साथही केली. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) कोल्हापूर दरबारी असल्याने त्यांच्या गायकीचाही टेंबे यांना निकट परिचय झाला.

वाद्य आणि वादनशैली

संवादिनीचे मूळ युरोपात आहे. मोठ्या चर्चमधील ऑर्गनमध्ये भात्यातील हवा शेकडो, कधी हजारो नळ्यांत सोडली जाते व प्रत्येक नळीतून एक स्थिर स्वर निघतो. ही रचना अवजड, खर्चिक आणि एका जागी कायमची बसविलेली असते. नळ्यांऐवजी धातूच्या लहान पट्ट्या हवेने कंपित करणारी वाद्ये एकोणिसाव्या शतकात पुढे आली. पॅरिस येथे अलेक्झांद्र दबँ याने १८४२ साली हार्मोनियम या नावाने अशा वाद्याचे स्वामित्व मिळविले. भारतात आल्यावर या वाद्याचा भाता हाताने चालविण्याची सोय झाली आणि बैठक मारून वाजविता येणारी 'पेटी' घरोघरी पोहोचली. त्याच कुळातील पायाने भाता चालविण्याचा ऑर्गन मराठी रंगभूमीवर रूढ झाला. त्यात दोन्ही हात वाजविण्यास मोकळे राहतात व नाद अधिक भरदार आणि अखंड उमटतो.

या सर्व वाद्यांची एक मर्यादा समान आहे. सप्तकाचे बारा स्वर आधीच कायम केलेले असतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड, आंदोलित स्वर किंवा रागानुसार किंचित चढणारी-उतरणारी श्रुती पट्टीतून निघू शकत नाही. भारतीय गायनाचे सौंदर्य बऱ्याच अंशी याच गोष्टींत असल्याने संवादिनीविषयी संगीतज्ञांत तीव्र मतभेद होते. टेंबे यांच्या वादनाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर स्पष्ट होते. भात्याच्या दाबावरील नियंत्रण, एका पट्टीवरील बोट उचलण्यापूर्वीच पुढील पट्टी दाबून साधलेले सातत्य, कणस्वरांचा नेमका उपयोग आणि गवयाप्रमाणे घेतलेले विश्राम यांमुळे वाद्याची मर्यादा कायम राहूनही ऐकणाऱ्यास गाण्याचा आभास होतो. संवादिनीला केवळ सुरांचा आधार देणारे वाद्य न मानता तिचे स्वतंत्र वादनही होऊ शकते, हा विश्वास रुजविण्यात टेंबे यांचा मोठा वाटा होता.

रंगभूमीवरील कार्य

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'मानापमान' हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आणले. त्यातील पदांना टेंबे यांनी चाली दिल्या. तोपर्यंत नाटककारच बहुधा प्रचलित चाली समोर ठेवून पदे रचीत असत. या नाटकापासून संगीतकार ही स्वतंत्र भूमिका ठळकपणे पुढे आली. टेंबे यांनी साकी-दिंडीच्या जुन्या वळणाऐवजी रागदारी बंदिशी तसेच पूरब अंगाची ठुमरी व दादरा यांच्या धर्तीवर चाली बांधल्या. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्वांनी त्या गायल्या आणि त्या महाराष्ट्रभर पसरल्या. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ८ जुलै १९२१ रोजी झालेल्या 'संयुक्त मानापमान'च्या प्रयोगात बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी एकत्र भूमिका केल्या.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. या मंडळीत टेंबे यांनी नट म्हणूनही भूमिका केल्या. पुढे काही काळातच ते या भागीदारीतून वेगळे झाले व त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. गंधर्व मंडळीच्या 'स्वयंवर' (१९१६) या नाटकाचे संगीत भास्करबुवा बखले यांनी दिले. 'मानापमान'ने खुली केलेली रागदारी नाट्यसंगीताची वाट त्यामुळे अधिक रुंद झाली.

चित्रपट

कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा व्ही. शांताराम दिग्दर्शित 'अयोध्येचा राजा' हा बोलपट १९३२ साली प्रदर्शित झाला. त्याचे संगीत टेंबे यांचे होते. शिवाय दुर्गा खोटे यांच्यासमवेत त्यांनी हरिश्चंद्राची प्रमुख भूमिकाही केली. त्याच वर्षीच्या 'माया मच्छिंद्र' या बोलपटातही त्यांनी संगीत व अभिनय अशी दुहेरी कामगिरी केली. नाट्यपदाची दीर्घ बैठक आणि चित्रपटातील मोजका वेळ यांचा मेळ घालण्याचे काम मराठीत प्रथम त्यांच्याकडे आले.

लेखन

'माझा संगीत व्यासंग' (१९३९) आणि 'माझा जीवनविहार' (१९४८) हे टेंबे यांचे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. अल्लादियाखाँ यांचे चरित्रही त्यांनी लिहिले. बैठकी, गवई आणि नाटक मंडळ्या यांना जवळून पाहिलेल्या कलावंताचे हे लेखन असल्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील महाराष्ट्राच्या संगीतजीवनाच्या अभ्यासासाठी ते महत्त्वाचे मानले जाते.

संवादिनीवरील बंदी व वारसा

१९४० साली ऑल इंडिया रेडिओने संवादिनीला आपल्या कार्यक्रमांतून वगळले. स्थिर स्वरांचे हे परकीय वाद्य भारतीय संगीतास मारक आहे, ही त्यामागील भूमिका होती. ही बंदी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी शिथिल होऊ लागली. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी टेंबे यांचे निधन झाले, तेव्हा ज्या वाद्याने त्यांना नाव मिळवून दिले, त्याला नभोवाणीची दारे बंदच होती. मात्र मैफलीत आणि रंगभूमीवर संवादिनी व ऑर्गन टिकून राहिले. मधुकर पेडणेकर (पी. मधुकर), गोविंदराव पटवर्धन आणि तुळशीदास बोरकर या पुढील वादकांनी साथ व स्वतंत्र वादन या दोन्ही अंगांनी ही परंपरा चालविली. संगीत नाटकांच्या प्रयोगांत नांदीपूर्वी उमटणारा ऑर्गनचा सूर आजही मराठी नाट्यसंगीताची ओळख मानला जातो.