बंदूक खाली ठेवणारा पक्षिशास्त्रज्ञ : अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम

राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकी एक म्हणून अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव प्रत्येक विद्यार्थी इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. परंतु याच गृहस्थांस भारतीय पक्षिशास्त्राचे जनक मानितात, हे फार थोड्यांस ठाऊक असते. आमच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील रानांत हिवाळ्यात कॅमेरा घेऊन घुबडे पाहावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी तर त्यांचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

ह्यूम यांचा जन्म 4 जून 1829 रोजी विलायतेत झाला. त्यांचे वडील जोसेफ ह्यूम हे पार्लमेंटचे सभासद असून सुधारणावादी म्हणून प्रसिद्ध होते. गोरगरिबांविषयी कळकळ व स्पष्टवक्तेपणा हे गुण पुत्राने पित्यापासूनच घेतले. 1849 साली ते बंगालच्या मुलकी नोकरीत दाखल होऊन या देशी आले. इटावा जिल्ह्याचा कारभार हाती असता त्यांनी रयतेच्या मुलांसाठी गावोगावी विनामूल्य शाळा काढविल्या; 1857 पर्यंत त्यांची संख्या 180 च्या घरात गेली होती. पुढे 1871 मध्ये ते महसूल, शेती व व्यापार या खात्याचे चिटणीस झाले. तथापि वरिष्ठांची चूक दिसताच बोलून दाखविण्याचा त्यांचा स्वभाव सरकारास मानवला नाही, आणि 1879 मध्ये त्यांस त्या पदावरून दूर करण्यात आले.

नोकरीच्या या सर्व काळात त्यांचा खरा छंद पक्ष्यांचा. सिमल्यातील आपल्या बंगल्यात त्यांनी पक्ष्यांचे संग्रहालय उभारिले. देशाच्या कानाकोपऱ्यांतील अधिकारी त्यांस पक्षी, अंडी व टिपणे पाठवीत. पक्ष्यांविषयी त्यांनी स्वखर्चाने एक नियतकालिकही चालविले. त्या काळी पक्षी ओळखावयाचा म्हणजे प्रथम तो मारावयाचा, अशीच शास्त्रज्ञांची रीत होती. आजच्यासारखी दुर्बीण वा चपळ कॅमेरा त्यांच्या हाती नव्हता. यामुळे ह्यूम यांच्या संग्रहातील नमुने सुमारे 82,000 झाले.

त्यांतलाच एक नमुना आमच्या भागास जवळचा आहे. चंद्रपुरास तेव्हा चांदा म्हणत व गडचिरोली त्याच जिल्ह्यात मोडे. हा जिल्हा आणि पूर्वेकडील फुलझरचे रान ही दोन्ही मध्यप्रांतातच होती. डिसेंबर 1872 मध्ये फुलझरकडे ब्लूइट नामक गृहस्थांस एक लहानसे घुबड मिळाले. दिसावयास ते आपल्या नेहमीच्या पिंगळ्यासारखे. परंतु डोक्यावर ठळक ठिपके नाहीत, आणि पंजे मात्र मोठे व बळकट. ही जात निराळी आहे हे ह्यूम यांनी ताडले व 1873 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध करून तिला ब्लूइट यांचे नाव दिले. हाच रानपिंगळा होय. 1884 पर्यंत त्याचे अवघे सात नमुने मिळाले, आणि मग तो जणू नाहीसाच झाला.

इकडे ह्यूम यांच्या अंतःकरणात पालट होत होता. 1880 नंतरच्या काळात थिऑसफीच्या विचारांनी त्यांनी मांसाहार सोडला आणि पक्षी मारणेही सोडले. अशातच एक घोर आपत्ती ओढवली. भारतीय पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिण्यासाठी त्यांनी अनेक वर्षे खपून टिपणे जमविली होती. ते सिमल्याबाहेर असता एका नोकराने ते कागद रद्दी म्हणून बाजारात विकून टाकिले! ग्रंथ लिहिण्याची आशाच मावळली. 1885 मध्ये त्यांनी आपला संपूर्ण संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दान केला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईस राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. 1894 मध्ये ते मायदेशी परतले. उतारवयात त्यांनी वनस्पतींच्या अभ्यासास वाहून घेतले, 1910 मध्ये दक्षिण लंडनमध्ये वनस्पतिशास्त्राची संस्था स्थापिली आणि 31 जुलै 1912 रोजी देह ठेविला.

रानपिंगळ्याची कथा मात्र तेथे संपली नाही. 1914 साली तो पुन्हा मिळाल्याचा दावा एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने केला होता. पण तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच असल्याचे पुढे सिद्ध झाले. तेव्हा पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकन अभ्यासकांनी जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागी शोध आरंभिला. पूर्वेकडे तो सापडला नाही. परंतु 25 नोव्हेंबर 1997 रोजी खानदेशात शहाद्याजवळ त्यांस रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. या वेळी कोणीही बंदूक उचलली नाही. छायाचित्र व चलच्चित्र हाच पुरावा झाला, आणि पक्षी जिवंत राहिला. पुढे मेळघाटातही त्याचे अस्तित्व आढळले.

विद्यार्थी मित्रहो, ह्यूम यांनी पन्नाशीनंतर जो संयम आत्मसात केला, तो तुम्ही पहिल्या दिवसापासून पाळू शकता. परंतु हाती बंदूक नाही एवढ्यावरून आपण निर्दोष ठरत नाही. आमच्याकडे ताडोब्याच्या पाणवठ्यांवर मत्स्यघुबड, खडकाळ कड्यांवर शृंगी घुबड आणि गावालगतच्या जुन्या झाडांच्या ढोलीत पिंगळा दिसतो. हिवाळ्यात साग पाने टाकू लागला म्हणजे ही घुबडे सहज नजरेस पडतात. पण यांतील पुष्कळांचा अंडी घालण्याचा काळही हाच. माता अंड्यांवरून उठली तर थंडीच्या पहाटे अंडी गारठतात. दिवसा घुबड उघड्यावर आले तर कावळे त्याचा पिच्छा पुरवितात. म्हणून घरट्याजवळ जाऊ नये. डोळ्यांवर प्रखर प्रकाश पाडू नये. ध्वनिमुद्रित साद ऐकवून त्यास फसवू नये. घरट्याचा ठावठिकाणा चारचौघांत सांगू नये. घुबड अंग चोरून ताठ बसले अथवा मान वरखाली करू लागले, तर ते घाबरले असे समजून चित्राचा मोह सोडावा व हळूच मागे सरावे.

पालकांसही आमची एक विनंती आहे. घुबडाचे ओरडणे अशुभ, ही समजूत मुलांच्या मनात भरवू नये. धानाच्या शेतांत उंदीर मारून तो पक्षी शेतकऱ्याचे रात्रभर हितच करीत असतो. 1972 च्या कायद्याने त्यास संरक्षण आहेच. परंतु रानात प्रत्येक झाडामागे शिपाई उभा नसतो. तेथे मुलाचे वर्तन कसे राहील, हे घरी त्याने काय ऐकिले यावरच ठरावयाचे.