झिजलेल्या नाण्यांचे वैद्य

डॉ. जुझे जर्सन द कुन्हा यांचा जन्म 1844 साली बार्देशातील हडफडे येथे झाला. वैद्यकाचे शिक्षण मुंबई व विलायतेत घेऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय मांडला. पण आज त्यांची आठवण निघते ती जुन्या नाण्यांमुळे. सोन्यारुप्याची नाणी कोणीही जपतो. द कुन्हांनी बाजारातल्या हलक्या बझारुकांनाही तितकाच मान दिला. गरिबांच्या हातांतून फिरणारे हे नाणे झिजे, मोडीत जाई, वितळे. म्हणूनच ते दुर्मिळ आणि माझ्या मते अधिक बोलके. त्यावरील चक्र सांता कातारीनेचे. तिच्याच सणादिवशी, 25 नोव्हेंबर 1510 रोजी, आल्बुकेर्कने गोवा जिंकला होता. अशा खुणा पोर्तुगीज दप्तरांशी ताडून द कुन्हांनी गोव्यासह दीव, वसई, चौल येथील नाण्यांचा इतिहास जुळवला आणि 1880 साली तो इंग्रजीत ग्रंथरूपाने छापला. त्याआधी 1877 मध्ये सह्याद्रिखंडाची संस्कृत संहिता त्यांनी संपादली होती. स्वतःच्या संग्रहाची सूचीही त्यांनी 1888-89 मध्ये छापून काढली. मुंबईच्या उगमावरील त्यांचा ग्रंथ 1900 साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ते निवर्तले.