ताराबाईंची अंगणवाडी आणि सरकारची

अंगणवाडी हा शब्द आज देशाच्या कानाकोपऱ्यात पोचला आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी प्रायोगिक स्वरूपात सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हे नाव मिळाले. ज्यांच्या कार्यातून हा शब्द रूढ झाला, त्या ताराबाई मोडक दोनच वर्षांपूर्वी, ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, निवर्तल्या होत्या. सरकारने नाव घेतले. त्यामागील विचार कितपत घेतला, हे पाहावयाचे असेल तर ताराबाईंच्या चरित्राकडे अर्थशास्त्राच्या नजरेने पुन्हा पाहणे उपयुक्त ठरेल.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या सुधारक वातावरणात झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. त्या काळी महाराष्ट्रातील पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजता येण्याइतक्या होत्या. अमरावतीच्या मोडक घराण्यात त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार टिकला नाही आणि १९२१ च्या सुमारास पती-पत्नी विभक्त झाली. पदरी लहान मुलगी होती. चरितार्थ आणि अपत्यसंगोपन हे दोन्ही भार एकटीने उचलून ताराबाई राजकोटला बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या झाल्या. ते पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. कमावत्या आईपुढील प्रश्न त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाहीत.

प्रतिष्ठेची आणि चांगल्या वेतनाची ही नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात रुजू झाल्या. गिजुभाईंनी १९२० साली हे बालमंदिर काढले होते आणि तेथे माँटेसरी पद्धतीचे भारतीय रूप आकारास येत होते. १९२६ साली दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ‘शिक्षण पत्रिके’ची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालविली आणि १९३६ साली मुंबईस दादरला शिशुविहार सुरू केला. मध्यमवर्गीय मराठी आईबापांना मूल हे मारून मुटकून वळण लावण्याची वस्तू नसून त्याला स्वतःची बुद्धी आणि स्वतःचा वेग असतो, हे त्यांनी पटविले.

येथेच त्या थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु एक विसंगती त्यांना बोचत असली पाहिजे. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, आईबाप कामावर गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठी उघडले होते. हिंदुस्थानात मात्र ती पद्धत महागड्या साधनांसह शहरातील सुस्थित वर्गाच्या वाट्याला आली. मजुराच्या मुलासाठी निघालेली शाळा वकिलाच्या मुलाची झाली. गांधीजींच्या विचारांच्या प्रभावाने ताराबाईंनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी दादर सोडून खेडे गाठले. १९४५ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि अनुताई वाघ त्यांच्या आजन्म सहकारी झाल्या.

त्याच वर्षी जवळच्या तलासरी-डहाणू पट्ट्यात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. म्हणजे ताराबाई ज्या मुलखात गेल्या, तेथे प्रौढांच्या श्रमालाही मोल नव्हते. मुलांचा विचार कोण करणार? गावातील बालवाडीत दलित वाड्यातील मुले येईनात. तेव्हा ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरविले आणि वाड्यातील अंगणातच वर्ग भरू लागला. मुलांना आंघोळ घालावी, नखे कापावीत, गाणी म्हणावीत, गोष्टी सांगाव्यात, असा तो क्रम होता. आयात साधनांची जागा शंखशिंपले, बिया, पाने, पिसे आणि खडे यांनी घेतली. खर्च कमी झाला, पण शिक्षणाचा दर्जा उतरला नाही. कारण दर्जा होता शिक्षिकेच्या तयारीत.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासींमध्ये गेले. तेथे अडचण आणखी खोल होती. आईबाप पहाटेच मजुरीला जात. सातआठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर घर राखी. मुलगा गुरांमागे कुरणात जाई. शाळेची इमारत आणि शिक्षक असूनही ही मुले शाळेत येणे शक्य नव्हते. ताराबाईंनी यावर योजलेला उपाय आजही पूर्णपणे अंमलात आलेला नाही. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी केली. कडेवरचे मूल पाळणाघरात, त्याहून मोठे बालवाडीत आणि त्यांना सांभाळणारी ताई शेजारच्या वर्गात. गुराख्यांसाठी शिक्षकच कुरणात जाऊ लागले, ती कुरणशाळा. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक महत्त्वाचा सिद्धान्त दिसतो. मूल सांभाळण्याचे श्रम फुकट असतात, हा समज खोटा आहे. त्यांची किंमत कोणीतरी मोजतेच. आई घरी राहिली तर मजुरी बुडते. आई कामावर गेली तर थोरल्या मुलीची शाळा बुडते. दोघीही नसल्या तर तान्ह्या मुलाचे आरोग्य बुडते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात ही किंमत कोठेच दिसत नाही. मालकाने आपल्या मोलकरणीशी लग्न केले तर तिचे काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही पिगू यांनी दाखविलेली विसंगती आम्ही वर्गात गमतीने सांगतो; पण तिच्यातील गांभीर्य विसरतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळले. कोसबाडला ताराबाईंनी आकडेवारीवाचून हे ओळखले होते.

हा खर्च सरकारनेच का करावा, असे विचारले जाते. उत्तर असे की बालसंगोपनाचा लाभ एका घरापुरता राहत नाही. धडधाकट आणि शिकलेली पिढी साऱ्या समाजाच्या उपयोगी पडते. मात्र तिचा खर्च आज अपुऱ्या मजुरीतून आईने करावा, अशी अपेक्षा असते. अशा वस्तूचा पुरवठा बाजार नेहमीच अपुरा करतो. खाजगी शिशुवर्ग निघतात, पण जेथे फी मिळते तेथेच. उरला दानधर्म. ताराबाई आणि अनुताई यांनी आपली आयुष्ये वेचून एक टेकडी उजळली. परंतु प्रत्येक तालुक्याला एक ताराबाई लाभेल, या भरवशावर धोरण आखता येत नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. देशात आज सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत आणि पूरक आहार व लसीकरण यांत त्यांचा वाटा मोठा आहे. परंतु २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क ६ ते १४ वयाला दिला आणि सहा वर्षांखालील मुलांसाठी केवळ मार्गदर्शक तत्त्व ठेवले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही त्यांच्याबाबत सरकारला मुभा दिली, बंधन घातले नाही. बहुतेक अंगणवाड्या चारपाच तास चालतात; मजुरीचा दिवस त्याहून पुष्कळ मोठा असतो. मोठ्या आस्थापनांत पाळणाघर असावे, असे १९४८ च्या कारखाने कायद्याने आणि २०१७ च्या प्रसूतिलाभविषयक दुरुस्तीने सांगितले. त्यात वीटभट्टीवरील वा शेतातील मजूर स्त्री कोठेच बसत नाही. २०२२ साली पाळणा योजनेखाली अंगणवाडीला पाळणाघराची जोड देण्याचे ठरले, परंतु उद्दिष्ट ठेवले गेले ते १७,००० केंद्रांचे.

सर्वांत खेदाची बाब अंगणवाडी सेविकेची. ती शिक्षिका, परिचारिका आणि कारकून अशी तिन्ही कामे करते. तरी तिला वेतन नव्हे, मानधन मिळते. केंद्राने २०१८ साली यात ४,५०० रुपये दरमहा आधारभूत धरले. त्यावर राज्ये आपापली भर घालतात. सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, एवढे मान्य होण्यासाठी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावा लागला. आईचे श्रम फुकट मानणारी दृष्टीच येथे आईच्या जागी काम करणाऱ्या स्त्रीलाही लागू झाली आहे.

ताराबाईंच्या प्रयोगातून तीन मागण्या सरळ निघतात. अंगणवाडीची वेळ आईच्या कामाच्या वेळेशी जुळावी आणि तिला पाळणाघर जोडलेले असावे. सेविकेला पुरेसे प्रशिक्षण आणि नियमित वेतनश्रेणी मिळावी. आणि सहा वर्षांखालील संगोपन व शिक्षण हा मुलाचा कायदेशीर हक्क ठरावा. यासाठी पैसा लागेल, हे खरे. पण तो आजही खर्च होतच आहे. बुडालेल्या मजुरीच्या, सुटलेल्या शाळेच्या आणि खुरटलेल्या बालपणाच्या रूपाने तो देशातील सर्वांत गरीब घरे भरत आहेत. हा बोजा सरकारी तिजोरीने उचलावा, एवढेच मागणे आहे. कोसबाडच्या टेकडीवर एका बाईने ही व्यवस्था चालवून दाखविली, तेव्हा ती अशक्य आहे असे म्हणण्याची सोय आता सरकारला उरलेली नाही.