पाहुण्या पक्ष्यांचा माग काढणारे डॉ. सालिम अली

पावसाळा सरून शरद ऋतू लागला की उत्तरेकडचे पाहुणे पक्षी भारतात उतरू लागतात. आधी अंगणात शेपटी हलविणारा करडा धोबी दिसतो. पाठोपाठ तलवार बदके, थापट्या आणि चक्रवाक यांचे थवे तळ्यांवर येतात. हे पक्षी नेमके कोठून येतात, याचा शोध देशात मोठ्या प्रमाणावर सुरू झाला तो प्रामुख्याने डॉ. सालिम अली यांच्या प्रयत्नांमुळे.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. आईवडिलांचे छत्र लवकरच हरपल्याने मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथे सचिव मिलार्ड यांनी ती ओळखून दिली आणि संस्थेतील पक्ष्यांचा संग्रहही दाखविला. पुढे विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी पक्षिशास्त्रज्ञाच्या जागेसाठी त्यांचा विचार झाला नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील नोकरीतून रजा घेऊन त्यांनी बर्लिनमध्ये प्रा. स्ट्रेझमान यांच्याकडे शिक्षण घेतले. उत्तर समुद्रातील हेलिगोलँड बेटावर स्थलांतरित पक्ष्यांना पकडून त्यांच्या पायांत क्रमांकित कडी कशी घालतात, हे त्यांनी याच काळात पाहिले. १९३० मध्ये परतल्यावर कळले, की नोकरीच रद्द झाली आहे. तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीम येथे राहावयास गेले आणि तेथे त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा जो अभ्यास केला, त्याने त्यांचे नाव झाले.

कडी घालण्याचे काम देशात मोठ्या प्रमाणावर सुरू होण्यास कारणीभूत ठरला एक रोग. १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला. गोचिडांमार्फत पसरणारा हा विषाणू रशियातील एका विषाणूशी मिळताजुळता होता. त्यामुळे तो सायबेरियातून पक्ष्यांनी आणला असावा, असा संशय बळावला. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ मध्ये सोसायटीचा प्रकल्प सुरू झाला. भरतपूरच्या केवलादेव तलावावर बिहारमधील मीरशिकार, म्हणजे पिढीजात पक्षी पकडणारे कारागीर, बारीक जाळी लावून पक्षी जिवंत धरीत. कड्यावर मुंबईच्या संस्थेला कळविण्याची सूचना कोरलेली असे. दूर सोव्हिएत प्रदेशात सापडलेल्या अशा कड्यांमुळे बदकांचे मार्ग नकाशावर उमटू लागले. पक्ष्यांनी रोग आणल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. पुढे या कामाला अमेरिकी लष्कराच्या संशोधन विभागाचा पैसा मिळाल्याने १९७० च्या दशकात प्रकरण संसदेपर्यंत गेले. शीतयुद्धाच्या त्या काळात पाखरांच्या पायातील कड्यांवरही संशय घेतला गेला, यात फारसे नवल नाही.

भरतपूर हे एके काळी संस्थानिकांचे शिकारक्षेत्र होते. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, म्हणजे अली यांच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत तेथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर हा पाणथळ प्रदेश आटवून शेतीखाली आणण्याची मागणी झाली. त्या वेळी अली यांनी पंतप्रधान नेहरूंपर्यंत विषय नेऊन तो वाचविला. त्यांच्याच आग्रहाने पुढे गुराढोरांच्या चराईवर बंदी आली. १९८२ मध्ये ती अमलात आणताना ग्रामस्थ आणि पोलीस यांच्यात संघर्ष होऊन गोळीबारात काही जणांचा बळी गेला. सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी सुमारे दहा वर्षे केलेल्या अभ्यासातून उलटेच चित्र पुढे आले. म्हशी चरायच्या बंद झाल्यावर गवत माजले, उघडे पाणी आक्रसले आणि बदकांना जागा उरेना. अली यांची ही चूक त्यांच्या निरीक्षणनिष्ठ स्वभावाला न शोभणारी होती, असेच म्हणावे लागेल. गुरे आणि पाणथळी यांचे नाते तपासण्याआधीच निर्णय झाला होता.

तो अहवाल पूर्ण होण्यापूर्वीच, २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा पक्षिग्रंथ, १९७६ चे पद्मविभूषण, १९८५ मधील राज्यसभेची नियुक्ती हे सारे तोवर त्यांच्या नावावर जमा झाले होते. ज्या सायबेरियन क्रौंचांसाठी भरतपूर जगभर प्रसिद्ध झाले, त्यांची अखेरची जोडी २००१-०२ च्या हिवाळ्यात तेथे दिसली. तलवार बदके आणि चक्रवाक मात्र आजही शरदात त्या पाण्यावर उतरतात.