मधल्या जागेचा माणूस : मायकेल फॅरेडे

मायकेल फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळचा. वडील लोहार, तब्येतीने कमजोर, घरात ओढाताण. शाळा म्हणजे लिहिण्या-वाचण्यापुरती आणि थोडी आकडेमोड. तेराव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला आणि पुढच्या वर्षी तिथेच बुकबाइंडिंग शिकायला उमेदवार झाला. सात वर्षं पुस्तकं शिवली आणि शिवता शिवता वाचली. मालक भला, त्याने कधी अडवलं नाही.

१८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. मायकेलने टिपणं काढली, स्वच्छ लिहिली, स्वतः बांधली आणि थेट डेव्हींना पाठवली. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला मदतनिसाची नोकरी मिळाली. पुढचं सगळं आयुष्य तिथेच गेलं.

गणित मात्र राहूनच गेलं. फॅरेडे यांच्या लेखनात समीकरणं जवळजवळ नाहीतच. जे पाहिलं ते शब्दांत सांगायचं, हीच त्यांची रीत. म्हणून शब्दांबाबत ते फार काटेकोर होते. नवीन काही सापडलं, की केंब्रिजचे विद्वान विल्यम व्ह्यूएल यांना पत्र लिहून नाव विचारायचे. ॲनोड, कॅथोड हे शब्द त्यातूनच आले. डायइलेक्ट्रिक हाही व्ह्यूएल यांचाच.

या शब्दामागे १८३७ चा एक प्रयोग आहे. वीज ज्यातून वाहत नाही अशा काच, लाख, गंधक यांसारख्या पदार्थांचं काम फक्त वीज अडवणं, असं तेव्हा लोक धरून चालत. फॅरेडेंना ते पटेना. त्यांनी पितळेच्या एका पोकळ गोळ्यात दुसरा गोळा बसवला, दोघांमध्ये रिकामी जागा ठेवली. असे दोन अगदी सारखे संच केले. एकाला विद्युतभार दिला आणि तो दुसऱ्याशी वाटून घेतला. दोन्हींत हवा असली तर वाटणी निम्मी-निम्मी. पण एकाच्या मधल्या जागेत लाख भरली, की तो संच जास्त वाटा घेई. गंधकाचंही तसंच, काचेचंही. प्रत्येकाचं माप वेगळं. म्हणजे मधली वस्तू नुसती बघत बसत नाही, तीही भाग घेते!

आज कारखान्यांत हेच तत्त्व राबतं. पाइपात दोन इलेक्ट्रोड बसवतात, मधून माल वाहत असतो. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे ८०, खनिज तेलाचा जेमतेम २ च्या आसपास. त्यामुळे तेलात थोडं पाणी मिसळलं तरी सेन्सरचं माप लगेच वाढतं. नमुना काढून लॅबमध्ये नेईपर्यंत थांबावं लागत नाही. धान्यातला ओलावाही असाच मोजतात. मात्र तापमान बदललं की माप बदलतं, त्याचा हिशेब धरावाच लागतो.

फॅरेडेंना या मेहनतीची किंमत मोजावी लागली. १८४० च्या सुमारास तब्येत ढासळली, चक्कर येई, स्मरणशक्ती दगा देऊ लागली. आधीपासूनच ते प्रयोगवहीतल्या परिच्छेदांना क्रमांक घालत. आता त्या वहीचाच आधार होता. एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे ते निष्ठावान सदस्य होते, मानमरातबाचा सोस नव्हता. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद त्यांनी नाकारलं. मुलांसाठी नाताळची व्याख्यानं मात्र वर्षानुवर्षं दिली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते वारले. वेस्टमिन्स्टर ॲबेत नव्हे, त्यांच्या इच्छेप्रमाणे हायगेटच्या साध्या स्मशानभूमीत त्यांना पुरलं.

एक गोष्ट मला सारखी आठवते. हेन्री कॅव्हेंडिश या श्रीमंत, शिकलेल्या शास्त्रज्ञाने जवळपास हीच मापं १७७० च्या दशकात घेतली होती. पण ती छापली नाहीत, कागद तसेच पडून राहिले. मॅक्सवेलने ते १८७९ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा फॅरेडेंना जाऊन बारा वर्षं झाली होती. लोहाराच्या मुलाकडे ना पैसा होता ना गणित, पण जे कळलं ते त्याने लोकांपर्यंत पोचवलं. आपल्यापैकी कितीजणांच्या वह्या अजून कपाटातच आहेत?