पुस्तके बांधणारा शास्त्रज्ञ

मुलांनो, सोलापुरात यंत्रमागांची खडखड आपण रोज ऐकतो. हे माग विजेच्या मोटारीवर चालतात. ही मोटार ज्यांच्या शोधांतून निघाली, त्या मायकेल फॅरडे यांचे बालपण मात्र फार गरिबीत गेले.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. वडील लोहार होते; पण सतत आजारी असत. त्यामुळे घरात नेहमी ओढाताण असे. लिहिणे, वाचणे आणि थोडे गणित, एवढेच त्याचे शाळेतले शिक्षण. चौदाव्या वर्षी तो एका पुस्तकविक्रेत्याकडे बांधणीचे काम शिकू लागला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचूनही काढी. विजेविषयी वाचून तो स्वतः छोटे छोटे प्रयोग करू लागला.

१८१२ साली एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने प्रत्येक व्याख्यान लिहून काढले, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने त्याचे सुंदर पुस्तक बांधले आणि ते डेव्हींकडे पाठवले. पुढे मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत डेव्हींचा मदतनीस म्हणून त्याला जागा मिळाली. डेव्हींबरोबर युरोपच्या प्रवासात त्याला नोकराचीही कामे करावी लागली. अपमान सोसावा लागला. तरी त्याने शिकणे सोडले नाही.

१८३१ मध्ये फॅरडे यांनी दाखवून दिले, की तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक हलवला की वीज निर्माण होते. नंतर त्यांनी क्षारांच्या द्रावणातून वीज सोडून पाहिली. जितकी वीज जाते तितक्या प्रमाणात पदार्थ सुटा होतो, हा नियम त्यांनी मांडला. वीज सोडल्यावर द्रावणातून दोन टोकांकडे जाणाऱ्या घटकांना त्यांनी १८३४ मध्ये आयन हे नाव दिले. हा ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ जाणारा. आपण त्याला मुसाफिर म्हणू या.

वीज सोडल्यावरच आयन तयार होतात, असे फॅरडे यांना वाटे. ते तर द्रावणात आधीपासूनच असतात, हे स्वीडनच्या आऱ्हेनियस यांनी पुढे सांगितले. एकाने सुरू केलेले काम दुसरा पुढे नेतो, तो असा!

काही गावांत विहिरीचे पाणी मचूळ लागते. असे पाणी गोडे करण्यासाठी खास पातळ पडदे वापरतात. एक पडदा धन आयनांना वाट देतो, दुसरा ऋण आयनांना. वीज सोडली की मिठाचे आयन पडद्यांतून निघून जातात आणि गोडे पाणी मागे राहते. भावनगरच्या केंद्रीय संशोधन संस्थेत असे पडदे तयार करण्याचे काम झाले आहे. पडद्यातल्या वाटा डोळ्यांना दिसत नाहीत. पण आयन किती वेगाने जातात हे मोजले, की त्या वाटा रुंद आहेत की अरुंद, याचा अंदाज येतो. रस्ता कसा आहे हे मुसाफिराच्या चालीवरून कळावे, तसेच हे!

फॅरडे यांना रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद दोनदा देऊ केले गेले. त्यांनी ते दोन्ही वेळा नाकारले. मुलांसाठी मात्र ते नाताळात आनंदाने व्याख्याने देत. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्या मुलाला पुस्तके विकत घेणे परवडत नव्हते, त्याच्याविषयी आज जगभरच्या पुस्तकांत लिहिलेले असते. गरिबीने त्याची शाळा सुटली. पण शिकणे सुटले नाही.